पोत्यावरचे तीन दिवस

फाल्गुन सरत आला की आमच्या इमारतीतल्या आया खालच्या आवाजात बोलायला लागतात. एरवी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्याला हाका मारणाऱ्या या बायका, पण पोरांच्या परीक्षा आल्या की चपलासुद्धा हातात घेऊन जिना चढतील. शेजारची मुलगी बाल्कनीत येरझाऱ्या घालत सनावळ्या घोकते, तिची आई मागून दुधाचा पेला घेऊन फिरते, आणि मी आपली अलीकडच्या बाल्कनीत बसून दोघींकडे बघते. मुलीला वाटतं, आजींना माझं कौतुक आहे. कौतुक आहेच. पण खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटतो, आणि या वयात एका पोरीच्या दुधाच्या पेल्याचा हेवा करावा याची थोडी लाजही वाटते.

याच दिवसांत पनवेलच्या बाजारात शिकेकाई येते. अजूनही येते. कर्नाळ्याकडच्या डोंगरातून कातकरी बायका वाळक्या शेंगांची गाठोडी घेऊन येतात आणि जुन्या बाजाराच्या तोंडाशी बसतात. घेणाऱ्या आता माझ्यासारख्या चार म्हाताऱ्या. भाचेसून म्हणते, "आत्या, कशाला तो कचरा घरात? बाटली आणलीय ना मी." शाम्पूची बाटली चांगलीच असते, तिला फुलांचा वास येतो. शिकेकाईला फुलांचा वास येत नाही. कोरडा, जरा आंबूस, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा असा तिचा वास, आणि तो आला की माझी बोटं आपोआप हलायला लागतात. परीक्षा आणि शिकेकाई एकाच महिन्यात का याव्यात, देव जाणे. माझ्या आयुष्यात एका वर्षी त्या दोन्ही एकाच आठवड्यात आल्या होत्या.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा. मी अठरा वर्षांची. पनवेलच्या बाजारपेठेत नानांचं केशकर्तनालय होतं. पुढे दोन खुर्च्या, समोर दोन आरसे, मागे एक पडवी आणि पडवीला लागून न्हाणीघर. पुढे पुरुषांची डोकी नाना भादरायचे आणि मागे बायकांची डोकी त्यांची बायको, यमुनाकाकू, धुवायच्या. बायका मागच्या बोळातून यायच्या. कधीकधी नवरा पुढच्या खुर्चीत आणि त्याचीच बायको मागच्या पाटावर अशी एकाच वेळी असायची, आणि एकमेकांना पत्ताही नसायचा.

बायकांची डोकी धुण्याची ही कल्पना नानांची. तरुणपणी ते मुंबईत एका मोठ्या सलूनमध्ये कामाला होते. तिथे मडमा उताण्या निजून केस धुवून घेतात हे त्यांनी पाहिलं आणि पनवेलला येताना मान टेकवायला खोबण असलेलं एक पांढरं चिनीमातीचं भांडं मोरा बंदराच्या लाँचमधून मांडीवर धरून आणलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणून आली ती कापडवाल्यांची सून. काकूंनी तिला खोबणीत मान ठेवायला सांगितली तर ती ताडकन उठली. "आडवं पाडून न्हाऊ घालतात ते मढ्याला," ती म्हणाली, आणि ओच्याला हात पुसत निघून गेली. त्यानंतर त्या भांड्यात रिठे भिजत पडायचे. बायका पाटावर बसायच्या, गुडघ्यांवर वाकून केस पुढे सोडायच्या, जशा त्यांच्या आया बसायच्या. नाना बिचारे पुढे कधी त्या भांड्याचं नाव काढायचे नाहीत.

मी नानांच्या चुलतभावाची मुलगी, विचुंब्याची. माझे वडील गावाची हजामत करायचे आणि खळ्यावर धान्य घ्यायचे. ते गेले तेव्हा गावाला दुसरा न्हावी मिळाला, आम्हाला दुसरे वडील कुठून मिळणार. आईनं मला नानांकडे आणून सोडलं. "पनवेलला रा, साळा शिक, न् काकूला जरा हात दे," एवढंच तिनं सांगितलं. पहिली दोन वर्षं शाळा होती आणि जरासा हात होता. मग सातवीच्या वर्षी काकूंची कंबर धरली, शाळा अर्ध्यातून राहिली, आणि नुसता हातच उरला. कुणी मला शाळेतून काढलं नाही. एका सोमवारी मी गेले नाही, मंगळवारी गिऱ्हाइकं फार होती, बुधवारी माझ्या लक्षात आलं की आता कुणी विचारतही नाही.

काम तसं सोपं. पहाटे चुलीवर तांब्याचा हंडा चढवायचा. रात्री भिजत घातलेल्या शेंगा, रिठे, आवळकाठी एकत्र उकळायची, फडक्यातून गाळायची. पाण्याला कढ आला की हंडा दोघींनी दोन बाजूंनी फडक्यानं धरून घंगाळात ओतायचा आणि त्यात गार पाणी घालून बेताचं करायचं. हंडा एकीनं उचलायचा नाही हा काकूंचा नियम. "मंजे, धर गो," त्या म्हणायच्या, आणि मी असेन तिथून येऊन धरायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा. झोपेतसुद्धा कुणी "धर गो" म्हटलं असतं तर मी उठून हात पुढे केले असते.

मंगळवार आणि शुक्रवार सवाष्णींचे, त्यामुळे ते दोन दिवस नुसती जत्रा. बुधवारी भाऊ असलेल्या मुली न्हायच्या नाहीत, शनिवारी कुणी न्हायचं, कुणी नाही. अमावस्येला सगळंच थंड. भलत्याच वारी कुणी केस मोकळे सोडून बोळातून जाताना दिसली तर लोक हळूच विचारायचे, "कोण गेलं गं?" पंचांग भटजींपेक्षा आम्हाला जास्त पाठ होतं.

माझ्या हातांचं फार कौतुक व्हायचं. वकिलीणबाई म्हणून एक होत्या. गोऱ्यापान, गुडघ्यापर्यंत केस आणि जिभेवर अख्ख्या पनवेलची खबर. त्या माझ्याकडूनच धुवून घ्यायच्या. "यमुनाबाई, या पोरीच्या बोटांत काय आहे कोण जाणे, डोकं कसं फुलासारखं हलकं होतं. हिला कुठे देऊन टाकू नका हो." सगळ्या हसायच्या. काकू हसायच्या, मीही हसायची. लोकांना वाटतं, माणूस शिव्यांनी दबतो. शिव्यांना उलट उत्तर तरी देता येतं. कौतुकाला काय उत्तर देणार? ते ऐकायचं आणि आणखी जोरानं चोळायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाही असतो. माझी नखं तपकिरी झाली होती, बोटांची टोकं कायम सुरकुतलेली. देवळात घंटा वाजवली की मी हात लगेच पदराखाली घ्यायची.

मध्यंतरी भाचेसून मला हौसेनं एका पार्लरमध्ये घेऊन गेली. तिथे खोबणीचं भांडं होतं, काळं, चकचकीत. मी निमूट मान टेकवून उताणी झाले. कापडवाल्यांच्या सुनेची आठवण येऊन हसूही आलं. धुणारी मुलगी उलव्याची होती. "आजी, पानी गरम जास्ती नाय ना?" तिनं विचारलं. बोटं चांगली होती तिची, पण घाईत होती. धुऊन झाल्यावर टॉवेल देताना मी तिच्या बोटांची टोकं पाहिली. तशीच होती. घरी येईपर्यंत मी भाचेसुनेशी धड बोलले नाही, तिला वाटलं मला आवडलं नाही.

असो. परीक्षेचं सांगत होते.

मुलींच्या शाळेतल्या एक बाई दर पंधरवड्याला न्हायला यायच्या. पांढरं पातळ, पायात पुण्याच्या चपला, आवाज असा की कुजबुजल्या तरी फळ्यापर्यंत पोहोचावा. एकदा केस वाळवत बसल्या असताना माझ्या हातातलं वर्तमानपत्राचं पान त्यांनी पाहिलं. रिठे त्यात बांधून आले होते आणि मी ते वाचत होते. "सातवीपर्यंत आलीस, मग फायनलला का बसली नाहीस? बाहेरून बसता येतं." फायनल म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा. ती पास झालेल्या मुलीला गावच्या शाळेत मास्तरीण होता येत असे. बाईंनीच फॉर्म आणला, बाईंनीच भरला. मी फक्त सही केली. मंजुळा हे नाव मी किती दिवसांनी लिहिलं होतं. 'ळा' जरा वाकडा आला.

मास्तरीण व्हायचं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं असं नाही. मला एवढंच कळत होतं की मास्तरणीचे हात कोरडे असतात. खडूनं पांढरे झाले तरी कोरडे. आणि पाऊस असो, थंडी असो, अकरा ते पाच ती एका जागी उभी राहून बोलते आणि चाळीस जण ऐकतात. आमच्या न्हाणीघरात माझा आवाज 'पाणी बेताचं आहे का' यापुढे कधी गेला नव्हता.

परीक्षा चैत्राच्या तोंडावर, गुरुवार-शुक्रवार-शनिवार. केंद्र पनवेललाच, आमच्या घरापासून दोन आळ्या ओलांडून. हीच तर खरी गंमत. अलिबागला, मुंबईला जायचं असतं तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. शाळेची घंटा मला न्हाणीघरात ऐकू यायची.

मी काकूंना विचारलं. चोरून काही करायचं नव्हतं मला. भाकरी थापत होत्या त्या.

"काकू, मी फायनलला बसू?"

"बस की. कोन नाय म्हनतंय?" त्या म्हणाल्या. मग भाकरी उलटून, "कवा हाय?"

मी वार सांगितले.

"सुक्रवारी?" त्यांचा हात थांबला. "सुक्रवारी पाटलांची लग्नाची बायका-मानसं येनार हायती गो. धा-बारा डोकी. पुढल्या साली बस ना. पुढल्या साली मी सोता सोडते तुला."

त्या खोटं बोलत नव्हत्या. पुढल्या वर्षी त्यांनी खरंच सोडलं असतं, जर पुढल्या वर्षी शुक्रवार आला नसता. काकूंना मूल नव्हतं. मला ताप आला की त्या रात्रभर उशाशी बसायच्या, साडी घेताना दोघींना एकसारखी घ्यायच्या. दुष्ट बाईच्या घरातून पळून जाता येतं. मला तीही सोय नव्हती.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका दारातच विचारायच्या, "तुमच्याकडे पाळतात ना?" म्हणजे महिन्याचे तीन दिवस धुणारी बाई बाजूला बसते ना. काकू छातीला हात लावून सांगायच्या, "आमच्यात कडक हाय." आणि होतंच कडक. तिच्या तीन दिवसांत बाईनं पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायचं, कुणाला शिवायचं नाही, भाकरी वरून पडेल ती घ्यायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायली की पुन्हा कामाला. आजच्या मुलींना हे ऐकून राग येतो, यावाच. पण मला ते तीन दिवस आवडायचे. महिन्यातले तेवढे तीनच दिवस मला कुणी "धर गो" म्हणत नसे, काकू हंडा अर्धाच भरून एकट्यानं भागवायच्या. पोत्यावर बसून मी रिठ्यांचे, सुपारीचे, कसकसले कागद वाचून काढायची. माणसांत नव्हते म्हणून मोकळी होते.

परीक्षेचेही तीनच दिवस. हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला ते आठवत नाही. गुरुवारी पहाटे मी हंडा भरला नाही. पडवीतलं पोतं ओढलं आणि कोपऱ्यात जाऊन बसले. "काकू, मी भायेर हाय," म्हटलं.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घरातल्या बाईची तारीख त्यांना तोंडपाठ असे, ते धंद्याचंच एक अंग होतं. मी बाजूला बसून उठले त्याला बाराच दिवस झाले होते. त्या माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. बस."

साडेदहाला मी धुण्याचं गाठोडं घेऊन मागच्या दारानं निघाले. बाजूला बसलेली बाई आपले कपडे धुवायला तळ्यावर जाते, त्यात कुणाला नवल वाटत नसे. गाठोड्यात बोरू, दौत आणि पुस्तक होतं. शाळेच्या बाकावर बसले तेव्हा शेजारच्या मुलीचा पदर माझ्या पदराला लागला आणि मी दचकून सरकले. मग लक्षात आलं, मी तर स्वच्छ आहे. खोटं बोलून आल्यावर मी पहिल्यांदा हसले ती तिथे. मराठीचा पेपर होता. निबंधाला विषय होता आवडता ऋतू. मी थंडीवर लिहिलं, कारण थंडीत गरम पाण्याचं काम सुसह्य होतं. असं लिहायचं नाही एवढं मला कळत होतं, म्हणून धुकं, शेकोटी, वालाच्या शेंगा असलं काहीबाही लिहिलं.

शुक्रवार उजाडला. पाटलांकडच्या बायका नऊ वाजताच आल्या. त्यांच्या आधी वकिलीणबाई येऊन पाटावर बसल्या होत्या, त्यांना कुठे हळदीकुंकवाला जायचं होतं. अकराला गणिताचा पेपर. मी पोत्यावर, गाठोडं मांडीवर, गाठोड्यात गणिताचं पुस्तक. काकू एकट्या चुलीपासून पाटापर्यंत, पाटापासून चुलीपर्यंत. मी मोजत होते त्या कितीदा कमरेवर हात ठेवतात ते. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते.

दहा-बारा डोक्यांसाठी काठोकाठ भरलेल्या हंड्याला कढ आला. काकूंनी फडकं घेतलं, हंड्याला एका बाजूनं धरलं आणि मागे न बघता म्हणाल्या, "मंजे, धर गो."

सवयीनं म्हणाल्या. मीही सवयीनं उठले. दोन पावलं टाकली, हात पुढे केला, फडक्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत तो पोहोचलाच होता.

"अगं अगं, शिवशील!" वकिलीणबाई ओल्या केसांतून ओरडल्या. "बस खाली. काय ही मुलगी!"

मी थांबले. काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. चुलीच्या उजेडात त्यांचं तोंड घामानं चकाकत होतं. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. काकू, मी खोटं बोलले, मी शिवू शकते. एवढंच. बोलले असते तर दोघींनी हंडा उचलला असता, वकिलीणबाईंनी संध्याकाळपर्यंत ते पनवेलभर केलं असतं, 'आमच्यात कडक हाय'वर पुन्हा कुणी विश्वास ठेवला नसता, आणि माझं गणित गेलं असतं. यातलं पहिलं सगळं मी नंतर रचलेलं आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त गणित होतं. मी मागे सरले आणि पोत्यावर बसले.

काकूंनी हंडा एकटीनं उचलला. फडकं एका बाजूला कमी पडलं. हंडा कलला आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावरून मनगटापर्यंत गेलं.

त्या ओरडल्या नाहीत. "आय गो," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. एकदम धावपळ झाली. पाटलांकडच्या एकीनं खोबरेल ओतलं, दुसरीनं कोरफड आणायला पोर पिटाळलं, वकिलीणबाई निथळत्या केसांनी वारा घालत राहिल्या. नाना पुढून धावत आले, हातात वस्तरा, मागे एक अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. बायकांचं न्हाणीघर म्हणून ते उंबऱ्याशी थबकले आणि तिथूनच "काय झालं, काय झालं" विचारत राहिले. सगळ्यांचे हात काकूंना लागत होते. मी चार हातांवर बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं. मीच मला धरलं होतं, माझ्याच तोंडून निघालेल्या तीन शब्दांनी.

साडेदहाला मी गाठोडं घेऊन निघाले.

हो, गेले. हे सांगताना आजही माझा आवाज खाली जातो. एका हौदाला दोन तोट्या आहेत, एक तोटी हौद अमुक तासांत भरते, दुसरी अमुक तासांत रिकामा करते, असं एक गणित होतं. मी ते बरोबर सोडवलं. सगळीच बरोबर सोडवली. इतकं स्वच्छ गणित मला त्याआधी कधी आलं नव्हतं, आणि त्याची मला किळस वाटत होती.

संध्याकाळी काकूंच्या हाताला डॉक्टरांचं पिवळं मलम आणि पांढरी पट्टी होती. माझी भाकरी त्यांनी नेहमीसारखी वरून टाकली, डाव्या हातानं. ती नीट पडली नाही, पोत्याच्या कडेला पडली, तर त्यांनी वाकून काठीनं माझ्याकडे सारली. शिवायचं नाही म्हणजे नाही. मी तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं की पुरे करा हे. पण शनिवारी इतिहास-भूगोल होता. तोही दिला. सोळा आणे लबाडी केल्यावर दोन आणे सोडून काय उपयोग, असं मी मनाला सांगितलं.

रविवारी चौथा दिवस. पहाटे मी स्वतःच न्हाणार होते, नेहमी तसंच करायची. तर काकू न्हाणीघरात आधीच बसलेल्या. पाणी घंगाळात बेताचं करून ठेवलेलं. ते त्यांनी एका हातानं तांब्या-तांब्यानं काढलं असणार.

"बस पाटाव. मी घालते."

"काकू, तुमचा हात..."

"डावा हाय ना."

पडवीत दोघी-तिघी बायका येऊन थांबल्या होत्या. दार उघडं होतं. मी पाटावर बसले आणि केस पुढे सोडले. आईनंतर माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता. रोज दुसऱ्यांच्या डोक्यावरून माझे हात फिरायचे, पण डोक्यावर हात फिरतो तेव्हा काय होतं हे मी विसरून गेले होते. काकूंच्या एका हाताची बोटं माझ्या मानेपासून वर येत होती, हळू, कुठे घाई नाही. मला रडू आलं. पाण्यात ते कुणाला कळणार नव्हतं.

"झाला गो बायांनो हिचा चौथा दिस," काकू पडवीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या. "आता घडीभरात येईल ती धुवायला." तेवढ्या एका वाक्यात त्यांनी माझं खोटं आपल्या पदरात घेतलं. मग वाकून माझ्या कानाशी, "बारा दिसांत परत आलं व्हय गो?"

मी पाटाची कड धरली.

"पेपर कसं गेलं?"

"बरं गेलं."

एक तांब्या. दुसरा तांब्या. शिकेकाईचं पाणी कपाळावरून उतरत होतं. ते डोळ्यांत गेलं की आग आग होते, म्हणून न्हाताना डोळे घट्ट मिटावेच लागतात. कपाळ गुडघ्यांना टेकलेलं, केस तोंडावर, मानेवर त्यांचा डावा हात.

"पास झालीस तर जाशील?"

"नाय," मी म्हटलं. "नाय जानार."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि शेवटचा तांब्या ओतला.

मी पास झाले. शाळेतल्या बाई मागच्या बोळातून स्वतः सांगायला आल्या, गणितात पहिली आलीस म्हणाल्या. विचुंब्याच्याच शाळेत जागा होती, माझ्या आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. अर्ज त्यांनी बरोबर आणला होता. माझे हात फेसात होते. मी म्हटलं, "बाई, मला जमायचं नाही." त्यांना फार राग आला. काकू तिथेच होत्या. "जा की गो," त्या म्हणाल्या, "मी काय बांधून ठेवलीय?" खरंच बांधलं नव्हतं. त्या उजव्या हातानं पदर सावरायला गेल्या आणि तीन बोटं वळली नाहीत म्हणून डाव्या हातानं सावरला. बाईंनी तो हात पाहिला, मला पाहिलं आणि अर्ज घडी घालून परत नेला.

मी नऊ वर्षं राहिले. काकू गेल्या तेव्हा मास्तरणीच्या नोकरीला लागायचं वय उलटून गेलं होतं. मग नानांच्या दुकानामागचं ते न्हाणीघर मीच चालवलं, बाटल्या येईपर्यंत आणि नंतरही थोडं. काकूंनी आपले दागिने, पुढे नानांनी घर, सगळं माझ्या नावावर केलं. लोक म्हणायचे, नशीब काढलंस. मी हो म्हणायची.

एक गोष्ट मला अजून ठरवता येत नाही. काकूंनी तो प्रश्न त्या वेळीच का विचारला? प्रेमानं हात फिरवताना सहज ओठांवर आला, की डोळे उघडता येणार नाहीत, मान वर करता येणार नाही, 'हो' म्हणता येणार नाही, हे ओळखून विचारला? त्या माझ्यासमोर उभ्या असत्या, मी त्यांच्या डोळ्यांत बघू शकले असते, तर काय म्हणाले असते? कदाचित 'नाय'च म्हणाले असते. पण मग ते मीच, माझ्या मनानं म्हटलं असतं.

पुढे कितीतरी वर्षं, कितीतरी बायका माझ्यासमोर त्या पाटावर वाकून बसल्या. कुणी नवऱ्याचं सांगितलं, कुणी सासूचं, एकीनं तर घर सोडून जायचा बेत सांगितला, दिवसासकट. मी ऐकत राहिले, पाणी बेताचं करत राहिले. पण मान माझ्या हाताखाली असताना मी त्यांतल्या एकीलाही कधी काही विचारलं नाही.